भातखाचराखालची माती आणि बोन्सायचं भांडं



चार दिवस झडीचा पाऊस आहे, रानात पाय घालता येत नाही. त्यामुळं आज पिकाची नोंद नाही. बरेच दिवस डोक्यात असलेला एक विषय लिहून काढतो. विषय लांबचा आहे, जपानचा, पण माती आणि पाण्याचाच आहे, तेव्हा आपल्या पानावर चालून जाईल. नोंद लांबलचक झालीय, सवडीनं वाचा.

बोन्साय बहुतेकांनी पाहिलं असेल, निदान फोटोत तरी. ताटाएवढं उथळ भांडं, त्यात पन्नास-शंभर वर्षांचं झाड, उंची हातभर. जपानी भाषेत ‘बोन्’ म्हणजे तबक आणि ‘साइ’ म्हणजे लावलेलं झाड. नावात आधी भांडं येतं, मग झाड. बघणारे मात्र झाडच बघतात. माझी नजर भांड्यावर जाते. त्यातही पाइन, जुनिपर असल्या झाडांखाली जे साधं, तपकिरी, नक्षी नसलेलं भांडं असतं ना, त्यावर. लोणच्याच्या बरणीवर काचेसारखा चकचकीत लेप असतो, त्याला झिलई म्हणू. या भांड्याला ती नसते. नुसती माती आणि आग.

असली भांडी जपानात सगळ्यात जास्त जिथं होतात त्या गावाचं नाव तोकोनामे. या गावाचं वाचत गेलो तेव्हा दोन गोष्टींवर मी थांबलो. एक, तिथली नावाजलेली तांबडी माती भातखाचराच्या खालच्या थरातून काढलेली. दोन, ज्या गावानं ही भांडी घडवली त्याच गावानं त्याआधी जपानला सांडपाण्याचे आणि निचऱ्याचे मातीचे पाइप पुरवले. आमचा पट्टा नदीकाठचा. पाणी आलं, निचरा झाला नाही, आणि चांगल्या चांगल्या जमिनी क्षारपड होऊन पडल्या. त्यामुळं निचरा हा शब्द आला की आमच्याकडच्या माणसाचे कान टवकारतात.

तोकोनामे जपानच्या मधल्या भागात, आइची प्रांतात, नागोया शहराच्या दक्षिणेला आहे. समुद्रात घुसलेली जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे, तिच्या पश्चिम काठावर. या पट्टीचं नाव चिता. आपल्याला दचकायला होतं, पण तिकडं त्याचा आपल्या चितेशी काही संबंध नाही. एका बाजूला इसेचं आखात. आता तिथं समुद्रात भर घालून केलेल्या बेटावर नागोयाचा विमानतळ आहे, २००५ साली सुरू झालेला. तोकोनामे या नावाचा अर्थ असा लावतात की ‘तोको’ म्हणजे तळ, बैठक, आणि ‘नामे’ म्हणजे गुळगुळीत, निसरडं. म्हणजे पायाखाली चिकण माती, घसरडी. आपल्याकडं गावाला चिखली, शाडूची वाडी म्हणतात तसं. माणसानं जमिनीवर पाय ठेवला, घसरला, आणि गावाला नाव पडलं.

ही माती कुठून आली तर लाखो वर्षांपूर्वी त्या भागात एक भलंमोठं सरोवर होतं, त्याच्या तळाला बसलेला गाळ तो. बारीक कणांचा, लोह भरपूर असलेला. लोह असलं की माती भाजल्यावर तांबडी होते आणि कमी आगीतच घट्ट बसते. अशी माती पांढऱ्याशुभ्र नाजूक कपबशीला उपयोगाची नाही. पण मोठं, जाड, दणकट भांडं करायला एक नंबर.

आणि त्यांनी तेच केलं. सुमारे नऊशे वर्षांपूर्वी, म्हणजे आपल्याकडं यादवांचं राज्य अजून उभं राहायचं होतं तेव्हा, चिताच्या टेकड्यांत भट्ट्या पेटायला लागल्या. आपल्या कुंभाराचा आवा उघड्यावर रचतात. त्यांची भट्टी टेकडीच्या उतारात खणलेली, बोगद्यासारखी. तिला ‘आनागामा’ म्हणतात, म्हणजे बिळाची भट्टी. खालच्या तोंडाला जाळ, वरच्या तोंडाला धूर. कितीतरी दिवस लाकूड जाळायचं. जळणाची राख उडून भांड्याच्या खांद्यावर बसायची आणि त्या उष्णतेत वितळून आपोआप हिरवट झिलई धरायची. कुणी लावलेली नाही, आगीनंच दिलेली. अशा जुन्या भट्ट्यांच्या खुणा त्या पट्टीत हजारांच्या वर सापडल्यात.

ते काय करायचे? रांजण. माणूस आत बसेल एवढाले रांजण. चाकावर एवढं भांडं उठत नाही. म्हणून मनगटाएवढी जाड मातीची वळी करायची, खांद्यावर टाकायची, आणि रांजणाभोवती उलट्या पावली चालत ती वळी थरावर थर चढवत जायची. आपल्याकडं चाक फिरतं, कुंभार बसलेला असतो. तिकडं भांडं उभं आणि कुंभार फिरतो. मला हे फार आवडलं. बैल फिरवायच्या मळणीसारखं चित्र डोळ्यापुढं येतं.

हे रांजण जहाजात भरून किनाऱ्याकिनाऱ्यानं जपानभर जायचे. उत्तरेच्या टोकापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत उत्खननात तोकोनामेची खापरं निघतात. पाणी, धान्य, बियाणं साठवायला वापरायचे, मेलेल्या माणसाला पुरायलाही वापरायचे, आणि पुढं पुढं शेतात सोनखत मुरवायलासुद्धा. जपानात जुन्या काळापासून अखंड चालत आलेली सहा भट्टीची गावं मानतात. सेतो, तोकोनामे, एचिझेन, शिगाराकी, तांबा, बिझेन. त्यातलं तोकोनामे हे ओबडधोबड मोठ्या मालाचं गाव. नाजूक काम सेतोवाल्यांचं.

आता झाडाकडं येऊ, कारण रांजणाच्या गावात बोन्सायचं भांडं लगेच आलं नाही. मध्ये सातशे-आठशे वर्षं गेली.

तबकात झाड लावायची चाल मूळची चीनची. तिथं सन ७०६ च्या एका राजपुत्राच्या थडग्यातल्या भिंतीवर नोकराच्या हातात तबक आणि त्यात छोटी झाडं असं चित्र आहे. जपानात १३०९ च्या सुमाराला काढलेली एक लांब चित्रगुंडाळी आहे, तिच्यात श्रीमंताच्या अंगणात उथळ भांड्यातली झाडं मांडलेली दिसतात. त्या काळी त्यांना ‘हाचिनोकी’ म्हणायचे, कुंडीतलं झाड. याच नावाचं एक जुनं नाटक आहे. गरिबीत आलेला एक सरदार, बाहेर बर्फ पडतंय, दारात एक भिक्षू येतो. शेकोटीला लाकूड नाही. तर हा माणूस आपली जपलेली तीन झाडं, एक प्लम, एक चेरी, एक पाइन, तोडून पाहुण्यासाठी जाळतो. तो भिक्षू निघतो राज्याचा कारभारी, वेष बदलून हिंडणारा. पुढं तो सरदाराला तीन गावं इनाम देतो आणि त्या तीन गावांच्या नावात त्या तीन झाडांची नावं असतात. झाडाच्या बदल्यात जमीन. गोष्टच आहे, पण रचणाऱ्याला शेतकऱ्याचं मन कळत होतं असं वाटतं.

त्या काळची भांडी खोल असायची. उथळ तबक आणि त्यातलं बेतून वाढवलेलं झाड हा आजचा थाट फार पुढचा, साधारण एकोणिसाव्या शतकातला. आणि तेव्हा हौशी लोकांना भांडं हवं असायचं ते चीनचंच. शांघायच्या पश्चिमेला यिशिंग म्हणून गाव आहे. तिथली जांभळट तपकिरी माती चहाच्या किटल्यांसाठी जगात प्रसिद्ध. किटलीलाही झिलई नाही, भांड्यालाही नाही. तिथून ही भांडी जहाजानं जपानात यायची. सगळ्यात आधी आलेल्यांना आजही ‘कोवातारी’ म्हणतात, म्हणजे जुन्या काळी समुद्र ओलांडून आलेलं. त्यानंतरची ‘नाकावातारी’, मधल्या काळातली. जपानी बोन्सायवाला आजही कोवातारी भांड्याचं नाव निघालं की आवाज खाली आणून बोलतो.

बाहेरून माल येतो, त्याला मागणी आहे, आणि आपल्या पायाखाली तसलीच माती आहे. कुठल्याही कारागिराला हे दिसणारच. तोकोनामेत आधी किटलीवर हात बसवला गेला. १८५४ साली सुगिए जुमोन या कुंभारानं यिशिंगच्या धर्तीवर तांबड्या मातीची किटली केली. ही माती म्हणजे ती भातखाचराखालची. जपानी लोक तिला ‘तात्सुची’ म्हणतात. ‘ता’ म्हणजे भाताचं खाचर, ‘त्सुची’ म्हणजे माती. पिढ्यान्‌पिढ्या पाण्याखाली राहिलेल्या खाचराच्या तळाला बसलेली लोण्यासारखी चिकण माती. ती काढायची, पाण्यात कालवून गाळायची, वाळू-खडा-मुळी खाली बसू द्यायची आणि वरची साय घ्यायची. कोकणात नाहीतर मावळात खाचर केलेला माणूस हे वाचून हसेल. ज्या थरावर आपण पाणी धरतो आणि नांगराचा फाळ घासला की शिव्या देतो, तोच थर तिकडं किटली होऊन दिवाणखान्यात गेला.

पुढं १८७८ साली गावातल्या कोइए होजू या माणसानं चीनहून जिन शिहेंग नावाच्या जाणकाराला बोलावून घेतलं आणि गावच्या कारागिरांना यिशिंगची रीत शिकवायला लावली. चाकावर न फिरवता मातीची पट्टी थापून, ठोकून, जोडून भांडं करायची रीत. या होजूकडं जरा थांबायला हवं, कारण निचऱ्याची गोष्टही त्याचीच आहे.

जपाननं आपली दारं परदेशी लोकांना उघडली तेव्हा योकोहामा बंदरात गोऱ्या व्यापाऱ्यांची वस्ती झाली. त्यांना सांडपाण्याची भूमिगत गटारं हवी होती. ते काम रिचर्ड हेन्री ब्रंटन या स्कॉटिश अभियंत्याकडं. जपानची सुरुवातीची दीपगृहं बांधणारा तो हाच. पाइप भाजलेल्या मातीचे हवेत, आणि सगळे एकसारखे हवेत, कारण एकाचं तोंड दुसऱ्याच्या गळ्यात बसलं पाहिजे. हातानं केलेला पाइप कसा एकसारखा होणार? प्रत्येक कुंभाराचा हात वेगळा. त्यात माती वाळताना आकसते, भाजताना परत आकसते. होजूनं लाकडाचे साचे करून घेतले आणि १८७० नंतरच्या एक-दोन वर्षांतच पाइपांचं काम मार्गी लावलं. तिथून तोकोनामेचं नशीब पालटलं. शहरं वाढत होती, रेल्वे होत होती, सगळ्यांना पाइप लागत होते. जो गाव रांजण करायचा तो पाइपांचा गाव झाला. गावात शेकडो धुराडी उभी राहिली, कोळशाच्या धुरानं घरांच्या भिंती काळ्या झाल्या, म्हणून लोकांनी लाकडी भिंतींना काळाच रंग दिला. ती काळी घरं आजही आहेत.

मला विचाराल तर बोन्सायच्या भांड्याचा खरा बाप हा पाइप आहे. पुस्तकांत चहाच्या किटलीला मान देतात. तो मान खोटा नाही, नजर आणि रंग किटलीनंच दिला. पण सरळ कडेचं, चौकोनी, जाड, उन्हापावसात बाहेर पडून राहणारं, थंडीत न फुटणारं आणि तळातून पाणी सोडणारं भांडं करायचं तर हात पाइपवाल्याचाच लागतो. साच्यात माती दाबायची कशी, आकसणं धरून माप मोठं कसं ठेवायचं, मोठ्या भट्टीत शेकड्यानं माल लावायचा कसा, हे सगळं ज्ञान गावात पाइपांमुळं मुरलेलं होतं.

चौकोनी भांडं करून बघितलेल्यालाच त्याची गंमत कळते. गोल भांडं चाकावर उठतं, ताण सगळीकडं सारखा. चौकोनी म्हणजे चार पट्ट्या आणि एक तळ, नाहीतर साच्यात दाबलेली माती. कोपऱ्यात जोड. वाळताना पट्टीची वरची कड आधी सुकते, तळ ओला राहतो, आणि बाजू आत झुकते. घाईनं उन्हात ठेवलं की कोपरा उकलला. अशी बारीक माती ओल्यापासून भाजेपर्यंत शेकडा दहाच्या आसपास आकसते. म्हणजे हातभर लांबीचं भांडं दोन-तीन बोटं कमी होणार, आणि चारी बाजूंनी सारखं कमी झालं पाहिजे. तळाला पाय, पाण्यासाठी मोठी भोकं, झाड तारेनं बांधून ठेवायला बारीक भोकं. आणि वरची किनार सरळ रेषेत. झिलई असती तर थोडंफार वाकडंतिकडं झाकलं गेलं असतं. इथं झाकायला काही नाही. उघड्या अंगानं उभं राहायचं.

भाजताना भट्टीत हवा किती घेतली त्यावर रंग. हवा मोकळी असली की तांबडा, हवा कोंडली की काळपट. मातीच्या मिश्रणानं जांभळट, करडा, फिकट असे प्रकार. तांबड्याला ‘शुदेई’, जांभळटाला ‘शिदेई’, काळपटाला ‘उदेई’ म्हणतात. ‘उ’ म्हणजे कावळा. काळ्या किटल्या करताना तर भाजलेली तांबडी किटली भाताच्या तुसात पुरून पुन्हा भाजतात. खाचराची माती आणि भाताचंच तूस. एका पिकानं दोन्ही बाजूंनी हातभार लावला म्हणायचा.

माझ्या मेव्हण्याच्या पुण्याच्या घरी असलं एक भांडं आहे. त्यांच्या सूनबाईंना बोन्सायचा नाद. तळाला कारागिराचा चौकोनी शिक्का. मी ते रिकामं असताना हातात घेतलं, बोटाच्या गाठीनं वाजवलं. खणखणीत आवाज, जवळजवळ काशाच्या वाटीसारखा. आपली बाजारातली कुंडी वाजवली तर बद्द आवाज येतो. मग बोटानं पाण्याचा थेंब लावला. आपल्या कुंडीवर थेंब बघता बघता आत जिरतो. इथं तो बराच वेळ तसाच बसून राहिला.

हे मुद्दाम सांगतो, कारण सगळीकडं एकच वाक्य ऐकू येतं, की झिलई नसल्यानं या भांड्यातून मुळं श्वास घेतात. आपल्या माठाच्या बाबतीत हे पटतं. माठ कमी आगीत भाजलेला, अंगात छिद्रं, पाणी पाझरतं, वाऱ्यानं उडतं, म्हणून तर गार होतं. पण तोकोनामेचं भांडं अकराशे अंश आणि त्याच्या वरच्या आगीत भाजलेलं असतं. मातीचे कण एकमेकांत वितळून बसलेले. ते पाणी फारसं पीत नाही, आणि पिऊही नये. तिकडं हिवाळ्यात पाणी गोठतं. अंगात पाणी मुरलेलं भांडं गोठलं की बर्फ फुगतो आणि भांडं तडकतं. म्हणजे झिलई नाही ती श्वासासाठी नाही. श्वास भोकातून आणि मातीच्या पोतातून येतो. ज्यांच्यावर झिलई असते अशी बोन्सायची भांडीही आतून कोरीच ठेवतात, मुळांना धरायला खडबडीत अंग मिळावं म्हणून.

आता निचरा. लोकांना वाटतं भांडं उथळ म्हणजे पाणी लवकर जाणार. उलट आहे. घरात भांडी घासायचा स्पंज असेल तो भिजवून आडवा धरा. गळायचं थांबू द्या. मग तोच स्पंज उभा करा. परत पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, फक्त उंची वाढली. मातीचं असंच असतं. कुठल्याही भांड्याच्या तळाला ठरावीक उंचीचा थर चिंबच राहतो, खाली भोक असलं तरी. खोल कुंडीत तो थर तळाला पडून राहतो आणि मुळं वरच्या वाफशात असतात. दोन-तीन इंचाच्या भांड्यात तोच थर निम्मं भांडं खाऊन टाकतो. म्हणून बोन्सायवाले बारीक माती वापरतच नाहीत. ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली ‘आकादामा’ नावाची तांबूस माती, तोक्योच्या उत्तरेकडच्या भागातून काढतात, वाळवून दाणे चाळून घेतात. ज्वारीएवढे, हरभऱ्याएवढे. पाण्याला थर धरायला जागा कमी, हवेला जागा जास्त. तळ आतून सपाट आणि भोकाकडं पाणी न अडता जाईल असा. भांड्याला पाय असतात ते शोभेला नव्हे. पाय नसले की भोक टेबलाला चिकटलं आणि पाणी कोंडलं.

ज्यांच्या रानात दोन फुटांवर पाणी उभं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. भोक आहे म्हणून निचरा होतो असं नाही. चर आहे म्हणून रान सुटतं असंही नाही. चर किती खोल आणि माती कसली, हे आधी.

१ सप्टेंबर १९२३ ला तोक्यो-योकोहामाला प्रचंड भूकंप झाला. त्या भूकंपाचे दोन धागे आपल्या विषयाशी येतात. त्याच दिवशी तोक्योत फ्रँक लॉइड राइट या अमेरिकन स्थापत्यकारानं बांधलेल्या इंपीरियल हॉटेलचं उद्घाटन होतं. त्या इमारतीच्या पिवळसर, रेघोट्या ओढलेल्या विटा तोकोनामेत खास कारखाना काढून भाजलेल्या. आजूबाजूचं शहर पडलं, जळलं, इमारत उभी राहिली. आणि त्याच भूकंपात तोक्योतले बोन्सायवाले माळी उघड्यावर आले. त्यातले काही जण शहर सोडून उत्तरेला ओमिया इथं गेले आणि १९२५ साली त्यांनी बोन्सायचं गावच वसवलं. तिथं राहायचं तर निदान दहा झाडं पाहिजेत, घर दुमजली नको, असे नियम केले. दुसऱ्याच्या झाडावर सावली पडू नये म्हणून. बांधावरच्या झाडावरून कोर्टात जाणाऱ्या आपल्या लोकांना हा नियम वाचून दाखवावासा वाटतो.

१९३४ पासून तोक्योच्या उएनो इथं बोन्सायचं मोठं प्रदर्शन भरायला लागलं. झाडाइतकीच भांड्यावर नजर जाऊ लागली. क्योतोत हेआन तोफुकुजी या नावानं भांडी करणारा एक कारागीर होता, १८९० ते १९७० या काळातला. आयुष्य हलाखीत गेलं, स्वतःची भट्टी नाही, दुसऱ्याच्या भट्टीत जागा मागून भाजायचा. आज त्याच्या तळहाताएवढ्या भांड्यासाठी लोक रांगा लावतात. तो एकटा माणूस. तोकोनामे मात्र गावाच्या गावानं हे काम उचललं. युद्धामुळं चीनचा माल बंद झाला. युद्धानंतर गोरे सैनिक जपानात राहिले, बोन्साय पाहून गेले. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकच्या वेळी आणि १९७० च्या ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात बोन्साय मांडली गेली. अमेरिका-युरोपात नाद पसरला आणि भांडी लागायला लागली.

आणि नेमक्या त्याच वर्षांत मातीच्या पाइपाचा बाजार बसला. सिमेंटचा पाइप आला, प्लॅस्टिकचा आला. शंभर वर्षं ज्यावर गाव जगला ते कुणी विचारीना. १८८७ साली बांधलेली एक मोठी चढती भट्टी होती, उतारावर आठ खोल्या एकावर एक, टोकाला दहा धुराडी, कडेची उंच आणि मधली आखूड, सगळीकडं ओढ सारखी लागावी म्हणून. ती १९७४ ला शेवटची पेटली. आता ती सरकारनं जपून ठेवलीय. पण गाव उठला नाही. कुणी फरशी-टाइल आणि संडासाच्या भांड्यांच्या कारखान्यात गेला, कुणी किटलीकडं, कुणी बोन्सायच्या भांड्याकडं. किटलीच्या कामासाठी तिसरे यामादा जोझान यांना १९९८ साली जपान सरकारनं देशाचा जिवंत ठेवा असा मान दिला. भांडीवाल्यांना असला मान नाही, पण बोन्साय जिथं जिथं आहे तिथं तिथं तळाला तोकोनामेचा शिक्का शोधतात.

पीक बदलायला लागतं तेव्हा आपल्याकडं सल्ला मिळतो की नवीन काहीतरी लावा. ड्रॅगनफ्रूट लावा, चंदन लावा. तोकोनामेवाल्यांनी पीक तीन वेळा बदललं. रांजण, पाइप, किटली, भांडं. माती मात्र बदलली नाही, आणि ती घोळणारा हात बदलला नाही. हे मला सल्ल्यापेक्षा जास्त पटतं.

सगळं गोड आहे असं नाही. जुने कारागीर थकले, पोरं नागोयाला नोकरीला जातात. चीनहून साच्यातला स्वस्त माल येतो, त्यातला काही चांगलाही असतो. खाचराखालची ती अस्सल माती आता सहज मिळत नाही. म्हणून तांबडा रंग धरायला मातीत लोहाची तांबडी पूड मिसळतात, आपण भिंतीला काव लावतो तसली. तिला जपानीत ‘बेंगारा’ म्हणतात. हे नाव बंगालवरून पडलं, कारण फार पूर्वी ती तिकडून यायची. म्हणजे जपानी भांड्याच्या लालीत नावापुरता का होईना आपला हिस्सा आहे.

नवीन भांड्याला मात्र बोन्सायवाले लगेच मान देत नाहीत. ते वापरात पडलं पाहिजे. पाण्यातले क्षार, शेवाळ, हाताचं तेल, ऊन-पाऊस यांनी पृष्ठभाग मऊसर, खोल रंगाचा होतो. या जुनेपणाला ते ‘जिदाई’ म्हणतात, म्हणजे काळ. चकचकीत लेपावर असा काळ बसत नाही, कोऱ्या मातीवरच बसतो. सदाहरित पाइन-जुनिपरला कोरं भांडं आणि फुलाफळांच्या, पानगळीच्या झाडाला झिलईचं रंगीत भांडं ही रीत त्यातूनच. म्हाताऱ्या सालीखाली म्हातारी माती शोभते. लोणच्याची बरणी पुसली की परत नवी. जुन्या रांजणाचं तसं नाही, पाण्याच्या रेघा त्याच्या अंगावर राहतातच.

तोकोनामेत एक चढाची वाट आहे, तिला पाइपांची चढण म्हणतात. एका बाजूची भिंत जुन्या पाइपांची, दुसऱ्या बाजूची दारूच्या मातीच्या बाटल्यांची, एकावर एक रचलेल्या. टेकडीची माती ढासळू नये म्हणून धरून ठेवलीय.  पायाखालीही भट्टीतल्या टाकाऊ खापराच्या कड्या रोवल्यात, चढताना पाय घसरू नये म्हणून.